जप्तीतली पंगत

माझ्या वकिलीतल्या पहिल्या मोठ्या खटल्याची फी मला ज्या बाईंच्या शिफारशीनं मिळाली, त्यांच्याच विरुद्ध मी त्या खटल्यात अर्ज केला. हे सांगितलं की लोक माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघतात. बघेनात का! अर्ज बरोबर होता असं मी आजही म्हणते, आणि खुद्द त्या बाईंनीही भर कोर्टात तेच म्हटलं. त्या तशाच होत्या. त्यांच्याशी भांडायला जावं तर आपल्या बाजूचा एखादा मुद्दा त्याच सुचवायच्या. मग माणसानं भांडायचं तरी कोणाशी?

तंजावूरच्या कोर्टात त्यांना सगळे रिसीव्हरम्मा म्हणत. मी आक्का म्हणे, कारण राजवाड्यामागच्या आमच्याच गल्लीतल्या त्या. घरात मराठी, दारात तमिळ आणि कोर्टाच्या कागदांत इंग्रजी अशी त्या गल्लीची तऱ्हा आहे. मी कायदा पुण्यात शिकले म्हणून मला हे असं लिहिता तरी येतं. आक्कांना देवनागरी वाचता येत नसे. मोबाइलवर त्या मराठीत बोलून निरोप पाठवायच्या आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी "बेस, ठेवतें" म्हणायच्या, जणू पलीकडे कोणी फोन कानाला लावून उभंच आहे.

खटला होता एका फायनान्सवाल्याचा. कालव्याकाठच्या गावागावांतून त्यानं ठेवी गोळा केल्या होत्या. भातलावणीला जाणाऱ्या बायका, निवृत्त मास्तर, नारळवाले, कोणाला म्हणून सोडलं नव्हतं. मग एके दिवशी ऑफिसला कुलूप. तो सापडला, आणि त्याचं जे काही होतं ते कोर्टानं जप्त केलं: ओरत्तनाडूच्या रस्त्यावरचं लग्नाचं मोठं मंडपम्, त्याच्या मागची नारळाची बाग आणि एक व्हॅन. जप्त वस्तूंचं आपल्याकडे काय होतं ते सांगायला नकोच. तसं होऊ नये म्हणून निकाल लागेपर्यंत मालमत्ता सांभाळायला कोर्ट एखादा माणूस नेमतं, त्याला रिसीव्हर म्हणतात. काम डोकेदुखीचं, मान कमी आणि शिव्या भरपूर. आक्का दिवाणी दावे चालवून थकल्या होत्या, सत्तरीला टेकल्या होत्या, एकट्या राहत होत्या. कोणालाच नको असलेलं हे काम त्यांच्या गळ्यात पडलं.

पहिल्याच दिवशी त्या व्हॅनचा ताबा घ्यायला पोलीस ठाण्यात गेल्या. तिथे आवारात गाडीच्या बॉनेटमधून वेल वर आलेली, आणि मागच्या सीटवर एक कुत्री व्यालेली. पोलिसांनी काठी घेतली. आक्कांनी मोपेडला बांधलेलं स्वतःचं घडीचं स्टूल सोडलं आणि गाडीच्या दाराशी मांडून त्यावर बसल्या. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत गाडी हलणार नाही, म्हणाल्या. रोज येऊन बसायच्या. ठाण्यातल्या लोकांना वाटलं बाईचं डोकं फिरलंय. पुढे त्यांनी कोर्टाला जो अहवाल दिला त्यात उशीर होण्याचं कारण म्हणून "गाडी पूर्वीच्या कबजेदारांनी अद्याप रिकामी केली नव्हती" असं लिहिलं होतं. न्यायाधीश अत्यंत कडक माणूस. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता मंजूर केलं.

ते स्टूल हा एक स्वतंत्र विषय आहे. मंडपम् जप्तीतलं, म्हणून तिथल्या खुर्चीवर त्या बसत नसत. तिथलं पाणी पीत नसत. बागेत नारळ उतरवायला माणसं चढली की त्या उन्हात छत्री घेऊन उभ्या राहायच्या आणि तहान लागली की घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायच्या, शहाळ्यांच्या ढिगाशेजारी! एकदा मी न राहवून म्हटलं, "आक्का, एक शहाळं प्यालात तर कोर्ट बुडणार आहे का?"

"हें अस्की दुसऱ्याचें आहे मा," त्या म्हणाल्या. अस्की म्हणजे सगळं. महाराष्ट्रात हा शब्द आता कोणाला कळत नाही.

"दुसऱ्याचें म्हणजे कोणाचें? त्याचें का ठेवीदारांचें?"

"तें कोर्ट सांगेल. माझें नाही, एवढें मला ठाऊक आहे."

मंडपम्‌च्या कमानीवर फायनान्सवाल्याचं नाव सिमेंटच्या मोठ्या अक्षरांत होतं. ठेवीदार ते फोडायला आले, तेव्हा आक्का आडव्या गेल्या. नावही जप्त आहे, म्हणाल्या. पावसाळ्याआधी कमानीला रंग दिला तेव्हा त्या अक्षरांनाही दिला. लोकांनी तोंडावर नावं ठेवली. अशा शापलेल्या जागेत लग्न कोण करणार, म्हणून हॉल रिकामा पडला, तेव्हा आक्कांनी आपल्या भाचीचं लग्न तिथे लावलं, भाडं पुरेपूर भरलं, आणि लग्नभर स्वतः त्या स्टुलावर बसल्या. नवरीची मावशी अशी कोपऱ्यात स्टुलावर का बसली आहे, हे वरपक्षाला अखेरपर्यंत कळलं नाही. पण भाचीचा संसार सुखाचा आहे हे गावात पसरलं, आणि मुहूर्तांच्या दिवसांत हॉल मिळेनासा झाला.

मी या खटल्यात कुठे होते? समोरच्या बाजूला. मी आरोपीची वकील.

तीही आक्कांचीच करणी. आरोपीचं सगळं जप्त, वकील द्यायला हातात काही नाही. त्यानं अर्ज केला की माझ्याच मंडपम्‌च्या उत्पन्नातून माझ्या वकिलाचा खर्च द्या. कोर्टात गदारोळ झाला. मागच्या बाकांवर ठेवीदार बायका बसल्या होत्या. त्यांतली एक पाट्टी, म्हणजे आजीबाई, लावणीच्या कामानं कमरेत वाकलेली, उठून ओरडली, "आमच्याच पैशानं ह्याला वक्कील?" सरकारी वकिलांनी विरोध केला. न्यायाधीशांनी रिसीव्हरचं म्हणणं विचारलं. सगळ्यांची खात्री होती की आक्का नाही म्हणणार.

"हो म्हणा, अय्या," आक्का म्हणाल्या. तमिळमध्येच बोलत होत्या; अय्या म्हणजे साहेब. कोर्टातलं सगळं बोलणं मी इथे मराठीत करून सांगते आहे. "साक्षीदारांना आणायचा खर्च त्याच्या बागेतून. समन्स घेऊन फिरणाऱ्या अमीनाचं पेट्रोल त्याच्या बागेतून. मग त्याच्या बाजूनं बोलणाऱ्याचाच खर्च का नको? आज नाही दिला, तर उद्या वरच्या कोर्टात हा सांगेल की मला बोलायला माणूसच नव्हता. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. या पाट्टीला पुन्हा तेवढी वर्षं आहेत का?"

पाट्टीनं त्यानंतर आक्कांशी बोलणं टाकलं. मला मात्र खटला मिळाला.

आता साक्षीदार आणायचा खर्च जप्तीतून का, तेही सांगते, कारण सगळं घडलं त्यातून. आमच्याकडे तारीख पुढे पडली की तिला वाय्दा म्हणतात. कालव्याकाठच्या गावातली बाई दोन बस बदलून, दिवसाची मजुरी बुडवून कोर्टात येते, आणि एक वाजता तिला कळतं की आज वाय्दा. असं दोनदा-तीनदा झालं की ती येईनाशी होते. सरकार साक्षीदाराला बत्ता, म्हणजे भत्ता, देतं, पण तो हाती पडेपर्यंत बाई तो विसरलेली असते. आणि साक्षीदार आले नाहीत की आरोपी सुटतो, इतकं ते सोपं आहे. खरं सांगायचं तर साक्षीदारांचं थकणं हा बचावाच्या वकिलाचा सर्वांत भरवशाचा साथीदार. मीही त्याच्यावर डोळा ठेवून होते.

आक्कांनी तो साथीदारच पळवला. मंडपम् आणि बागेच्या उत्पन्नातून आधी खटल्याचा खर्च भागवावा, असा आदेश त्यांनी कोर्टाकडून मिळवला. मग आरोपीचीच व्हॅन गावोगाव फिरून साक्षीदार आणू लागली. बुडालेली मजुरी त्यांना संध्याकाळी उतरताना हातात मिळू लागली. आणि मंडपम्‌च्या स्वयंपाकघरात भात, सांबार, एक भाजी आणि ताक एवढं शिजवून तीच व्हॅन कोर्टात आणू लागली. कोर्टाच्या मागे पत्र्याची शेड आहे. एक वाजला की तिथे केळीची पानं मांडली जायची.

ती पंगत मी लांबून पुष्कळ वेळा बघितली आहे. आक्का स्वतः वाढायच्या. काळा कोट काढून स्टुलावर ठेवायचा, पदर खोचायचा, आणि एका टोकापासून निघायचं. कोण बसलंय, कुठल्या बाजूचं आहे, साक्षीदार आहे का नुसताच सावलीला आलाय, काही विचारायचं नाही. लहान होत्या तेव्हा ओरत्तनाडूच्या जुन्या छत्रमातल्या गोष्टी त्यांनी घरी ऐकल्या होत्या. राजांच्या वेळी तिथे यात्रेकरूंना जेवण मिळायचं, आणि जेवणाऱ्याला नाव-गाव विचारायचं नाही अशी रीत होती. आक्कांनी ती रीत कोर्टात आणली. हळूहळू त्या पंगतीला कोर्टातले शिपाई बसू लागले, टंकलेखक बसू लागले, सरकारी वकीलही "आज डबा विसरलो" म्हणत बसू लागले. त्यांचा डबा फारच वारंवार विसरत असे. आरोपीला तुरुंगातून घेऊन येणाऱ्या पोलिसांना भूक लागायची, पण त्याला एकटं सोडता येत नव्हतं. म्हणून ते त्यालाही घेऊन बसायचे. आक्का त्याच्याही पानात तेवढंच वाढायच्या.

स्वतः मात्र शेवटी कोपऱ्यात बसून घरचा डबा उघडायच्या. आणि मी मुळीच बसत नसे. समोरच्या बाजूच्या वकिलानं त्या पंगतीला बसणं मला योग्य वाटत नव्हतं.

"येत नाहीस? बेस," आक्का हसून म्हणायच्या. "पण उपाशीपोटीं मोठ्यानें भांडूं नको मा, घसा बसतो."

मग पाट्टीच्या साक्षीचा दिवस आला. सकाळी सरकारी वकिलांनी तिला प्रश्न विचारले तेव्हा ती चाचरत होती, घाबरली होती, आरोपीकडे बघायलाही तयार नव्हती. मी खूश होते. दुपारी उलटतपासणी माझी. मधे एक वाजला. पाट्टी आक्कांशी बोलत नव्हती, पण जेवायला बसली. आणि दुपारी जी ताकभात जेवून उभी राहिली, ती माझ्या एकाही प्रश्नाला हलली नाही! हा माणूस माझ्या ओट्यावर बसला, मुलीच्या लग्नाचे पैसे माझ्या हातून घेतले, दुप्पट करून देतो म्हणाला, असं तिनं त्याच्याकडे बोट दाखवून सांगितलं. मी तिला उलटंसुलटं विचारलं, तारखांत अडकवलं, धमकावलंसुद्धा. ती पुन्हा तेच, त्याच शब्दांत.

त्या रागात मी अर्ज लिहिला. राग होता म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही. साक्षीच्या ऐन मध्यावर साक्षीदाराला एका बाजूनं जेवू घालणं, तेही माझ्या अशिलाच्या जप्त मालमत्तेतून, ही सरळ सरळ ढवळाढवळ होती. शेडमध्ये कोण कोणाशी काय बोललं, कोणी कोणाला काय पढवलं, कोणाला ठाऊक? या सगळ्या साक्षी बाद करा आणि रिसीव्हर बदला, अशी माझी मागणी होती. ती मान्य झाली असती तर खटला जवळपास संपलाच होता. त्या बायकांना पुन्हा उभं करायचं म्हणजे वर्षं गेली असती, आणि तोवर त्यांतल्या किती आल्या असत्या देव जाणे.

सुनावणीला कोर्ट भरून गेलं. न्यायाधीशांनी अर्ज वाचला, आणि आक्कांना म्हणाले, "पंगतीला जेवणाऱ्यांची यादी द्या."

आक्का गुडघ्यांमुळे कोर्टातही स्टुलावर बसत. तेवढी सवलत त्यांना होती. तिथूनच म्हणाल्या, "यादी नाही, अय्या."

"तांदळाचा हिशेब आहे, ताकाचा आहे, मिठाचासुद्धा आहे. मग माणसांचा कसा नाही?"

"तांदूळ कोर्टाचा, अय्या. भूक ज्याची त्याची. छत्रमात कोणी नाव विचारत नव्हतं. मी कशी विचारणार?"

"ते छत्रम् राजाचं होतं. हे कोर्ट आहे. इथे विचारावं लागतं."

आक्कांनी मांडीवरची हिशेबाची वही मिटली. मग म्हणाल्या, "खरं आहे. वक्कीलम्मांचा अर्ज बरोबर आहे. मी फक्त एका बाजूला वाढलं नाही हे दाखवायला माझ्याकडे काही नाही. चूक माझी, तशी नोंद करून घ्या."

सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. मागच्या बाकांवर कोणीतरी हळूच समजावून सांगत होतं, आणि ते कळत गेलं तशा त्या बायका एकमेकींचे हात धरून बसल्या. पाट्टी समोर बघत होती. मी जिंकले होते. आणि ज्या बाईनं मला इतक्या सरळपणे जिंकू दिलं, तिच्याबद्दल मला त्या क्षणी जे वाटलं त्याला आदर हा शब्द पुरा पडत नाही. मला तिची भीती वाटली.

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "यादी नाही, तर नाही. त्या पंगतीला जे कोणी एकदा तरी जेवलं असेल, त्यांनी उभं राहावं."

आधी पाट्टी उठली, कमरेतून जेवढं उठता येतं तेवढी. मग तिच्यामागच्या सगळ्या बायका. मग दाराशी उभाच असलेला शिपाई उगाच आणखी ताठ झाला. टंकलेखक टाइप करता करता उठला आणि उभ्यानंच टाइप करू लागला. सरकारी वकील खाकरले आणि उभे राहिले. पोलीस उठले. कोणी हसलं नाही. मग न्यायाधीशांची नजर आरोपीकडे गेली. त्यानं नुसतं बसून राहायचं होतं. एवढंच करायचं होतं त्यानं. एका बाजूची पंगत हा माझा मुद्दा त्याच्या बसून राहण्यावर टिकला असता.

तो उभा राहिला.

"तुम्ही?" न्यायाधीशांनी विचारलं.

"जेवलो, अय्या. दर वाय्द्याला."

माझ्या हातात अर्जाची प्रत होती. मी ती टेबलावर ठेवली आणि बसले. भरलेल्या कोर्टात सगळे उभे होते, आणि खाली बसलेले आम्ही तिघंच: खुर्चीवर न्यायाधीश, स्टुलावर आक्का आणि मी.

साक्षी कायम राहिल्या. रिसीव्हरनं यापुढे नोंद ठेवावी, असं न्यायाधीश सांगू लागले तेव्हा आक्का म्हणाल्या, नावंच विचारायची असतील तर दुसरं कोणी नेमा. अखेर न्यायाधीश म्हणाले, "बरं. पानं मोजा." आक्कांना ते पटलं.

संध्याकाळी तुरुंगाची गाडी यायला वेळ होता, तेव्हा व्हरांड्यात मी माझ्या अशिलाला गाठलं. पोलीस जरा बाजूला सरले. "कशाला उठलात?" मी म्हटलं. मला रडू येईल की काय असं वाटत होतं. "सुटायची वाट उघडी होती. नुसतं बसायचं होतं!"

"खाल्लं होतं ना मा," तो म्हणाला. "एकदा ती पाट्टी शेजारी बसली होती. माझ्या पानात मीठ पडलं नव्हतं. तिनं मान वर केली नाही, काही बोलली नाही, पण आपल्यातलं इकडे सरकवलं. तिच्यादेखत बसून कसं राहू?"

"आणि तिचे पैसे?" माझ्या तोंडून निघून गेलं. वकिलानं अशिलाला विचारू नये असा तो प्रश्न. "ते घेतले नाहीत असं तुम्ही ह्याच कोर्टात सांगितलंत, तेव्हाही ती समोरच होती."

गाडी आली. उठता उठता तो म्हणाला, "तेही सांगून टाकू का?"

त्याची वकील म्हणून मला 'नको' हे एकच उत्तर देता येत होतं, आणि ते माझ्या तोंडातून आलं नाही.

पुढच्या वाय्द्याला त्यानं सांगितलं. पाट्टीचं, मास्तरांचं, गावांचं, सगळं. पाट्टीनं डोक्यावरून पदर घेतला आणि तोंडात धरला. मला हे आक्कांच्या चेहऱ्यावर बघायचं होतं, म्हणून मी मागे वळले. पण त्या तिथे नव्हत्या. एक वाजत आला होता, त्या शेडमध्ये पानं पुसत होत्या.